केमिस्ट्रीनंतर पर्यावरण: ऐरोलीहून वाट कुठून काढावी?

अन्वी_ऐरोली
नमस्कार मंडळी. एस.वाय.बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र, कॉलेज ठाण्यात, राहायला ऐरोली. जूनपासून टी.वाय. सुरू होईल. पुढे पर्यावरण किंवा सस्टेनेबिलिटीत जायचं एवढं ठरलंय, त्यात नेमकं कुठे ते ठरत नाहीये. घरचे म्हणतात फार्मात क्यूसीला (औषधांच्या दर्जा तपासणीला) लाग, पगार वेळेवर येतो.

समोर दिसतंय ते असं: पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), आयआयटी, शिवाय ‘तीन महिन्यांत ईएसजी तज्ज्ञ व्हा’ छापाची प्रमाणपत्रं (ईएसजी म्हणजे कंपन्यांचा पर्यावरण, समाज आणि कारभाराचा हिशोब), ज्यांच्या जाहिराती फोनवर पिच्छा सोडत नाहीत. केमिस्ट्रीवालीने यातलं काय धरावं? टी.वाय.च्या प्रोजेक्टला ठाणे खाडीचं पाणी घ्यायचा विचार आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये त्यातलं काय जमेल? आणि या नोकऱ्यांत खरंच काम असतं की नुसती पीपीटी?

चहाबाज
आधी नाकाची परीक्षा दे. मे महिन्यात पुऱ्या ओहोटीला खाडीकाठी दहा मिनिटं उभी राहा. तरीही यायचं असेल तर स्वागत.

मोजपट्टी
कोर्सच्या नावावरून निवडू नकोस, सोमवारी सकाळी नेमकं काय करावं लागेल ते विचार. ‘पर्यावरण’ म्हणताना लोक चार निरनिराळ्या कामांबद्दल बोलत असतात. काही जण मोजतात. काही परवानग्या सांभाळतात. काही चिखलात उतरून झाडं-पक्षी ओळखतात. आणि हल्ली वाढलेली चौथी जमात कंपन्यांच्या अहवालांचे आकडे जुळवते. चारही कामांना लागणारा माणूस वेगळा.

केमिस्ट्रीला सगळ्यात जवळचं मोजण्याचं काम. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमध्ये पाणी, हवा, माती, गोंगाट. लॅब म्हणजे एसीत बसून टायट्रेशन असं समजू नकोस. चिमणीचा नमुना घ्यायचा तर शिडीने पोर्टपर्यंत चढायचं, पिटो ट्यूबने धुराचा वेग काढायचा आणि नळीच्या तोंडाशी तोच वेग राहील अशा बेताने धूर ओढायचा. धुरापेक्षा कमी वेगाने ओढलास तर हवा वळसा घालून निघून जाते, जड कण मात्र सरळ नळीत शिरतात आणि धुळीचा आकडा फुगतो. जास्त वेगाने ओढलास तर उलटं, आकडा खोटाच कमी दिसतो. टीटीसीत (ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीत) आणि तळोज्यात हे काम रोज चालू असतं.

चढायला भीती वाटत असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

फायलींचा_ढीग
परवानग्यांच्या कामाबद्दल लिहितो, कारण घोडबंदर रोडवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या टॉवरमागे ते आहे.

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणामांचं मूल्यमापन) अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौ.मी. किंवा जास्त बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर. राज्य पातळीवर आधी तज्ज्ञ समिती तपासते, मग प्राधिकरण मंजुरी देतं. मंजुरी मिळाली की खरं काम सुरू होतं: अटींची यादी, आणि दर सहा महिन्यांनी, म्हणजे १ जून आणि १ डिसेंबरला, त्यांचं पालन कुठवर आलं याचा अहवाल. कारखाना असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आधी ‘स्थापनेचं’ आणि मग ‘चालवण्याचं’ संमतिपत्र. पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. घातक कचरा आवारात साधारण ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही, उचलताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट लागतं. त्याच्या प्रती जुळल्या नाहीत की पुढच्या नूतनीकरणात फाइल अडते.

कंटाळवाणं वाटेल. पण तारखा आणि अटी डोक्यात पक्क्या असलेल्या माणसाला टीटीसीत काम कमी पडत नाही.

बंड्या_वागळे
म्हणजे थोडक्यात, जुना अहवाल उघडायचा, प्रकल्पाचं नाव बदलायचं, सेव्ह अ‍ॅज करायचं. 😀

मोजपट्टी
बंड्याभाऊ, तसं करणारे आहेत, नाही कोण म्हणतं. म्हणून तर केमिस्ट्रीवाली माणसं हवीत. कॉपी पकडायला तीन गोष्टी पुरतात. ईआयएची मूळ मोजणी बहुतेक प्रकारांत पावसाळा सोडून एका ऋतूची असते. तक्त्यावरच्या तारखा आणि त्या ऋतूतल्या वाऱ्याच्या दिशा जुळतात का बघा. ठाण्याच्या प्रकल्पात दगडखाणीच्या गावाची नावं उरलीत का बघा. आणि पाण्याच्या तक्त्यात धन आयन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये करून पाहा. चांगल्या विश्लेषणात फरक ५ टक्क्यांच्या आसपास असतो. ३० टक्के फरक दिसला तर कुणीतरी आकडे खुर्चीत बसून भरलेत.

हे आयनांचं गणित एस.वाय.ची मुलगी करू शकते. मुंबई-ठाण्याच्या प्रकल्पांचे अहवाल परिवेशवर मिळतात. एक उतरवून घे आणि पेन्सिल घेऊन बस.

खाडीकाठ
>> ठाणे खाडीचं पाणी घ्यायचा विचार आहे

विषय उत्तम, पण खाडी ही नदी नव्हे. ‘एक नमुना घेतला, डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) ३ आला, खाडी प्रदूषित’ या वाक्यावर प्रोजेक्ट संपवायचा नसेल तर नीट ऐक.

पाणी दिवसातून दोनदा वर-खाली होतं, एक फेरा साधारण १२ तास २५ मिनिटांचा, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. भरतीला समुद्राचं पाणी आत, ओहोटीला नाल्यांचं पाणी बाहेर. आज सकाळी नऊला आणि पुढच्या आठवड्यात परत नऊला नमुना घेतलास तर तू प्रदूषण मोजलं नाहीस, चंद्र मोजलास. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ठरव: प्रत्येक जागी पुरी भरती आणि पुरी ओहोटी, दोन्ही वेळा. उधाणाचा (मोठ्या भरतीचा) एक दिवस आणि भांगाचा (लहान भरतीचा) एक दिवस. कोष्टक मुंबई बंदराचं असतं, ऐरोलीला पाणी उशिरा चढतं. किती उशिरा, हे कोळीवाड्यात विचार. ते तोंडपाठ सांगतात.

दुसरं, दिवसाची वेळ. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री सगळेच तो खातात. पहाटेचा डीओ सगळ्यात कमी असतो. दुपारी दोनचा आकडा बघून ‘पाणी ठीक आहे’ म्हणू नकोस. मासुंद्यात आणि उपवनच्या तळ्यात हा खेळ आणखी ठळक दिसतो.

आता विंकलर, म्हणजे डीओ मोजायची टायट्रेशनची पद्धत. बीओडीची (जंतूंना सेंद्रिय घाण खायला लागणाऱ्या प्राणवायूच्या मोजणीची) ३०० मिली बाटली. बादली दोरीने सोडून पाणी वर काढायचं आणि वरून बाटलीत ओतायचं, हा सर्रास होणारा घोळ. पडताना पाणी हवा पितं आणि शून्याजवळचा डीओ दोन-तीन दिसतो. बाटलीला वजन बांध, बुचात दोन नळ्या: एक थेट तळापर्यंत, दुसरी फक्त हवा बाहेर जायला. ती बाटली एका मोठ्या डब्यात बसव म्हणजे पाणी बाटलीतून ओसंडून दोन-तीनदा बदललं जातं. वर काढल्यावर बुडबुडा दिसला तर ते पाणी फेकून दे.

तिथेच, काठावरच, २ मिली मँगनस सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून उलटसुलट हलव. तपकिरी गाळ म्हणजे प्राणवायू आहे. गाळ पांढराच राहिला तर तिथेच कळलं, पाण्यात काही उरलेलं नाही. गाळ खाली बसला की २ मिली तीव्र सल्फ्युरिक. मग २०३ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन. पिवळा रंग फिका गवती झाल्यावरच स्टार्च, आधी नाही. निळा गेला की थांब. जितके मिली थायो, तितके मिग्रॅ प्रति लिटर डीओ. २०० ऐवजी २०३ का, हे व्हायव्हात हमखास विचारतात: पहिल्या दोन रसायनांनी ३०० तलं ४ मिली पाणी बाहेर ढकललेलं असतं.

अन्वी_ऐरोली
हे कुणी वर्गात असं सांगितलं नव्हतं! बीओडीबरोबर सीओडी (रसायनाने जाळून मोजलेली प्राणवायूची गरज) पण करू ना? लॅबमध्ये डायक्रोमेट आहे.

चहाबाज
थांब, आता खाडीकाठ यांचा बीपी वाढणार.

खाडीकाठ
वाढला. खाडीच्या पाण्यात सीओडी नको!

डायक्रोमेट सेंद्रिय पदार्थांबरोबर क्लोराइडही जाळतं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९,००० मिग्रॅच्या घरात, आणि नेहमीच्या रिफ्लक्स पद्धतीला २,००० च्या वर झेपत नाही. मर्क्युरिक सल्फेट घालून क्लोराइड बांधता येतं, पण इतक्या क्लोराइडला किती पारा ओतणार, आणि तो नंतर टाकणार कुठे? पर्यावरणाच्या प्रोजेक्टसाठी सिंकमध्ये पारा. शोभतं का?

त्यापेक्षा डीओ, बीओडी, क्षारता, तापमान, पीएच, अमोनिया आणि फॉस्फेट. एवढं नीट केलंस तरी भरपूर आहे. आपल्याकडे बीओडी २७ अंशांना ३ दिवस ठेवून मोजतात. २० अंश-५ दिवसवाल्या परदेशी आकड्यांशी थेट तुलना करू नकोस. विरलन (नमुन्यात किती स्वच्छ पाणी मिसळायचं ते) असं निवड की तीन दिवसांत डीओ किमान २ ने उतरेल आणि शेवटी किमान १ उरेल. उरला नाही तर तो आकडा बाद. म्हणून प्रत्येक नमुन्याला तीन विरलनं लाव.

क्षारता का, तर खारं पाणी मुळातच कमी प्राणवायू धरतं. ३० अंशांना गोडं पाणी साधारण ७.५, समुद्राचं ६.२ च्या आसपास. भरतीला ५ आणि ओहोटीला ५ हे दोन आकडे दिसायला सारखे, पण संपृक्ततेच्या टक्क्यांत वेगळे. तुलनेला किनारी पाण्याचा एसडब्ल्यू-२ वर्ग घे, त्यात डीओ किमान ४ आणि बीओडी कमाल ३.

रिटायर्ड_प्रयोगशाळा
वरच्या पद्धतीत एक भर, सुरक्षेची. अल्कली-आयोडाइड-अझाइडमधलं सोडियम अझाइड विषारी आहे. त्या द्रावणाच्या मूळ बाटलीत आम्ल जाऊ द्यायचं नाही, विषारी वायू सुटतो. आणि उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही; शिसं-तांब्याच्या पाइपांत साचून स्फोटक क्षार होतात. काठावर जाताना आम्लाची बाटली दुसऱ्या पिशवीत. हातमोजे, चष्मा. बीओडीचे नमुने बर्फाच्या पेटीत, आणि शक्यतो सहा तासांत लॅबमध्ये.

दोन_आण्याची_शंका
अवांतर: फ्लेमिंगो मग या घाण पाण्यात येतातच का?

तिवरबन
घाणीमुळेच, असं अर्धवट खरं आहे. नाल्यांच्या पाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे चिखलावर शेवाळ माजतं, धाकटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) तेच गाळून खातो. गुलाबी रंगही त्या खाण्यातल्या कॅरोटिनॉइडांचा. पण पायाखाली उघडा, उथळ चिखल लागतो. नेरूळच्या पाणथळीत भरतीच्या पाण्याची वाट बुजली की पाणी साचतं, चिखल झाकला जातो, पक्षी उठून जातात.

ठाणे खाडीचा ऐरोलीजवळचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन. २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) दर्जा मिळाला. अन्वी, हे तुझ्या प्रोजेक्टला थेट लागू आहे: अभयारण्यात किंवा राखीव कांदळवनात शिरून नमुने घ्यायचे तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी हवी. कॉलेजच्या लेटरहेडवर, मार्गदर्शकाच्या सहीने, जागांच्या अक्षांश-रेखांशांसह अर्ज कर. जूनमध्ये दिलास तर पावसाळा संपेपर्यंत उत्तर येईल या हिशोबाने चाल. कोळीवाड्याच्या धक्क्याचा पर्याय हाताशी ठेव, तिथल्या होडीवाल्यांना विचारून.

तिवरबन
आणि लॅबखेरीज काही करायचं असेल तर घरबसल्या एक कर. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कोपर्निकसच्या साइटवर फुकट आहेत, नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएसही फुकट. लाल पट्टा ४ आणि जवळचा अवरक्त पट्टा ८, दोन्ही १० मीटरचे. एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक: अवरक्त वजा लाल, भागिले दोन्हींची बेरीज. ऐरोली ते वाशी पट्ट्यातलं कांदळवन २०१६ ला किती होतं आणि आत्ता किती आहे, हा नकाशा दोन रविवारांत होतो.

चुकतं कुठे? क्षेत्रफळ अंश-मिनिटांच्या प्रोजेक्शनमध्ये काढतात आणि ०.००१२ असलं काहीतरी उत्तर घेऊन बसतात. आपल्यासाठी ईपीएसजी ३२६४३, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर, मग चौ.मी. मिळतात. एक पिक्सेल १०० चौ.मी. दुसरी चूक भरतीची, खाडीकाठ म्हणाले तीच. उपग्रह आपल्यावरून सकाळी ११ च्या सुमारास जातो; त्या तारखेला अकरा वाजता भरती होती का ओहोटी, हे कोष्टकात बघितल्याशिवाय दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवू नकोस. भरतीला कडेची छोटी झाडं पाण्यात जातात आणि कांदळवन ‘घटलं’ असं दिसतं. दोन्ही चित्रं डिसेंबर-जानेवारीतली घे.

मग काठावर जाऊन तीस-चाळीस ठिकाणी खातरजमा. तिवर, चिप्पी, कांदळ, मारांडी एवढी चार ओळखायला शिकलीस तरी इथल्या काठावर अडणार नाही. तिवराची पानं खालून पांढुरकी आणि चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळं वर आलेली. चिप्पीचीही वर येतात पण जाड, शंकूसारखी. कांदळाला कमानीसारखे टेकू. मारांडीला काटेरी पानं, हाताला लगेच कळतं.

बंड्या_वागळे
हे सगळं करून नकाशात कांदळवन वाढलेलं दिसलं तर? मग कुणाच्या नावाने बोंबलायचं?

तिवरबन
वाढलेलं दिसणं शक्य आहे. खाडी गाळाने उथळ होते, नव्या चिखलावर तिवर पसरतं. पण तेवढाच पक्ष्यांचा उघडा चिखल कमी होतो. म्हणून नकाशात तीन रंग ठेवायचे: झाड, चिखल, पाणी. बोंबलायचं नंतर ठरवू.

ताळेबंद
ईएसजीबद्दल कुणी बोलेना म्हणून मी. पीपीटी भरपूर आहे, पण खाली आकडे लागतात.

सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर, म्हणजे कंपन्यांचं जबाबदारी-शाश्वततेचं अहवालपत्रक, आणलं. आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना ते सक्तीचं. त्यांना माल पुरवणाऱ्या टीटीसीतल्या छोट्या कारखान्यांकडेही आता प्रश्नावल्या येतात आणि तिथे उत्तर द्यायला माणूस नसतो. नोकरी तिथे आहे.

तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राआधी स्वतःच्या कॉलेजचा कार्बन हिशोब कर. बारा महिन्यांची वीजबिलं घे. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, नेमका गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या त्या वर्षीच्या कोष्टकातून. म्हणजे १०,००० युनिट म्हणजे ७ टन. जनरेटरचं डिझेल लिटरला सुमारे २.६८ किलो. कँटीनचा १९ किलोचा सिलिंडर जवळपास ५७ किलो.

सगळे विसरतात तो एसीचा गॅस. आर-४१०ए चा जागतिक तापमानवाढ गुणांक २,०८८ धरतात. एक किलो गळला की दोन टनांच्या वर गेलं, म्हणजे जवळपास ३,००० युनिट विजेइतकं. एसी दुरुस्तीवाल्याच्या बिलावर ‘गॅस टॉप-अप’ लिहिलेलं असतं, किलो लिहिलेले नसतात. ते किलो मिळवणं हेच कामाचं कसब. आणि जनरेटरचं डिझेल एकदा स्कोप १ (स्वतःचं थेट उत्सर्जन) मध्ये धरलं की त्यातून झालेली वीज परत स्कोप २ (विकत घेतलेली वीज) मध्ये धरायची नाही. अनुभवी लोकांच्या तक्त्यांतही हे डबल झालेलं असतं.

दोन_आण्याची_शंका
ताळेबंद, मग बी.कॉम.वाल्यांनाही हे जमेल? आमच्या धाकट्याला पाठवू का?

ताळेबंद
पाठवा. फक्त त्याला किलोवॅट आणि किलोवॅट-तास यातला फरक आधी विचारा. उत्तर आलं तर मुलाखतीला न्या.

एसटीपी_मामा
सगळे खाडी आणि आयआयटी करताहेत. घराजवळच्या टॉवरच्या एसटीपीकडे (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटकडे) कोण बघणार? शिकायला त्याहून स्वस्त जागा नाही.

हिशोब सोपा. माणशी १३५ लिटर पाणी, त्याचं ८० टक्के सांडपाणी. ४०० फ्लॅट, घरटी ५ माणसं धरली तर २,००० × १०८ = दिवसाला सुमारे २ लाख १६ हजार लिटर. आता प्लांटवर जाऊन मीटर बघ. मीटर बंद असेल तर तोच तुझा पहिला निष्कर्ष.

एअरेशन टाकीतलं पाणी १ लिटरच्या मोजपात्रात भर, ३० मिनिटं हलवू नकोस. गाळ किती मिलीवर बसला ते वाच. त्याला हजाराने गुणून एमएलएसएसने (टाकीतल्या तरंगत्या गाळाचे मिग्रॅ प्रति लिटर) भाग. गाळ ३०० मिलीवर आणि एमएलएसएस ३,००० असेल तर उत्तर १००, प्लांट झकास. १५० च्या वर गेलं की गाळ फुगतोय, बसत नाही, पुढच्या टाकीतून वाहून जाणार. सकाळी प्लांटला वास मारत असेल तर ऑपरेटरला आधी एवढंच विचार: रात्री ब्लोअर बंद ठेवता का? वीज वाचवायला सर्रास ठेवतात. टाकीत डीओ २ च्या आसपास हवा; ब्लोअर बंद झाला की तो शून्यावर यायला वेळ लागत नाही. सोसायटीच्या कमिटीला ते विजेच्या बिलात बचत म्हणून दिसतं, आणि मग बागेला तेच पाणी गेलं की तक्रार माळ्याची होते.

चहाबाज
मामा, आमच्या कमिटीला हा धागा पाठवतोय. उद्यापासून तुम्हाला भंडावून सोडतील.

एसटीपी_मामा
पाठवा. सचिवांना म्हणावं, ब्लोअरला टायमर लावा, पंधरा मिनिटं बंद-चालू चालतं, आठ तास नाही.

प्रवेशपरीक्षा_पीडित
मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण तारखा निघून जातात. नुसत्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर आयआयटीचं एम.टेक. मिळत नाही, आधी एम.एस्सी. लागतं. पण गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा तू टी.वाय.त असतानाच देऊ शकतेस. ‘ईएस’ म्हणजे पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी हा वेगळा पेपर २०२१ पासून आहे, गुण तीन वर्षं चालतात. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला, परीक्षा फेब्रुवारीत. अभ्यासक्रमात रसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र तुला सोपं जाईल. पाण्याचं हायड्रॉलिक्स आणि गणित-सांख्यिकी तिथे बी.एस्सी.वाले मार खातात.

टिसमधला पर्यावरण-हवामानबदल-शाश्वतता हा अभ्यासक्रम वेगळ्या पिंडाचा. तिथे समाज, धोरण, शेती, शहर जास्त, टायट्रेशन जवळपास नाही. प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेतून. पुण्यात विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे. या दुसऱ्या संस्थेत क्षेत्रभेटी आणि जैवविविधतेवर भर. कुठेही अर्ज करण्याआधी तीनच गोष्टी विचार: प्रबंध पूर्ण सेमिस्टरचा आहे का, लॅबमधली यंत्रं मुलांना हाताळू देतात का, आणि मागच्या बॅचचे प्रबंधविषय काय होते. विषयांच्या यादीत ‘अमुक नदीच्या पाण्याच्या दर्जाचा अभ्यास’ दहा वेळा दिसला तर सावध.

संशोधनात जायचं असेल तर एम.एस्सी.नंतर नेट परीक्षा, पर्यावरणशास्त्र, विषय क्रमांक ८९. जेआरएफची (कनिष्ठ संशोधकाची) छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये.

फायलींचा_ढीग
एक दुरुस्ती नाही, पण भर. सरकारी मंडळातल्या जागांची जाहिरात निघते तेव्हा पदवीचं नाव शब्दशः वाचा. ‘पर्यावरणशास्त्र’ आणि ‘शाश्वतता व्यवस्थापन’ एकच म्हणून चालत नाही. गुणपत्रिकेवरचं नाव जाहिरातीतल्या नावाशी जुळलं नाही की छाननीत अर्ज बाहेर. फॅशनेबल नावाच्या एम.एस्सी.ला लाखो रुपये भरण्याआधी हे तपासा. सल्लागार कंपनीत ईआयएचं काम करायचं तरी नॅबेटच्या (सल्लागारांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) यादीत बारा कार्यक्षेत्रं आहेत: हवा, पाणी, गोंगाट, जैवविविधता, घातक कचरा वगैरे. प्रत्येकाला पदवी आणि अनुभवाच्या अटी. केमिस्ट्री अधिक पर्यावरणातली एम.एस्सी. असेल तर पाणी आणि घनकचरा ही दोन दारं सरळ उघडतात.

मोजपट्टी
माझं मत, विचारलंस म्हणून: फार्मातलं क्यूसी हेही शत्रूचं गाव नव्हे. तिथे कॅलिब्रेशन, प्रमाण द्रावणं, कोरा नमुना, नोंदवही खाडाखोड न करता लिहिणं, हे वर्षभरात अंगात मुरतं आणि पर्यावरणाच्या लॅबना नेमकं तेच हवं असतं. घरच्यांशी भांडून काय मिळणार. पण एम.एस्सी. टाळू नकोस, बी.एस्सी.वर लॅबमध्ये लागलीस तर नमुने घेणारी म्हणूनच राहशील, अहवालावर सही दुसऱ्याची.

खाडीकाठ
सहमत. फक्त प्रोजेक्ट गटात करणार असाल तर थायोसल्फेटचं प्रमाणीकरण रोज, एकाच माणसाने. ते द्रावण ठेवल्या ठेवल्या उतरतं आणि मग सगळ्यांचे डीओ एका लयीत वाढलेले दिसतात.

अन्वी_ऐरोली
सगळ्यांचे खूप आभार. घरी धागा वाचून दाखवला, बाबांना एसीच्या गॅसचा हिशोब आवडला. आत्ता ठरलंय ते असं: टी.वाय.ला डीओ-बीओडी-क्षारता, भरती-ओहोटी दोन्ही, तीन जागा. सीओडी रद्द. गेट ईएसचा अर्ज ऑगस्टमध्ये. सुट्टीत शेजारच्या टॉवरचा एसटीपी बघायला कमिटीला विचारलंय.

एक शेवटचं. तीन जागा × भरती-ओहोटी × उधाण-भांग, म्हणजे १२ नमुने, प्रत्येकाला डीओ आणि बीओडीची तीन विरलनं. कॉलेजात बीओडीच्या बाटल्या फक्त २४ आहेत. पुरतील?

खाडीकाठ
एका दिवसाला पुरतील. उधाणाचा आणि भांगाचा दिवस यात आठवडाभर अंतर असतं, म्हणजे एका दिवशी सहाच नमुने. सहा डीओच्या, अठरा बीओडीच्या, झाल्या चोवीस. फक्त विरलनाच्या पाण्याच्या कोऱ्या नमुन्याला किमान दोन लागतात आणि त्या यात धरलेल्या नाहीत. शिवाय सुरुवातीचा डीओही कुठेतरी मोजावा लागेल. पण डीओच्या सहा बाटल्या टायट्रेशन झालं की त्याच संध्याकाळी धुऊन परत वापरता येतात. चार बाटल्या दुसऱ्या कॉलेजातून उसन्या आण. बुचं त्याच बाटल्यांची आहेत ना, ते आणताना बघ.